घराचा खरा हप्ता

बँकेच्या मंजुरीपत्रावरचा एकच आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो: महिन्याचा हप्ता. नवरा-बायको तो पगाराशी ताडून पाहतात, सध्याचं भाडं त्यातून वजा करतात आणि ‘एवढ्या फरकाचं काय, निघेल कसाही’ म्हणत सही करतात. हिशेब चुकीचा नसतो, अर्धा असतो. बँकेला तिच्या कर्जाची फेड कशी होणार एवढंच पाहायचं असतं. घर चालवायला काय लागतं, हे तिच्या तक्त्यात कुठेच नसतं. त्यातून नव्या घराची पहिली दोन वर्षं फार फसवी. बरीच बिलं तोवर आलेलीच नसतात आणि आपल्याला वाटतं, चला, जमतंय की!

आकडे समोर असल्याशिवाय हे पटत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा पुण्यात, रावेत किंवा आंबेगावसारख्या भागात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६५ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. कर्ज ५० लाखांचं, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के. दोघांच्या पगाराचे मिळून हातात १ लाख १५ हजार येतात. हप्ता बसतो सुमारे ४३,४०० रुपये, म्हणजे पगाराच्या ३८ टक्के. बँका साधारण निम्म्यापर्यंत जाऊ देतात. तेव्हा बँकेच्या लेखी हे कुटुंब अगदी सुखात आहे.

आता खिशाकडे पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च धरत नाहीत. तो सगळा स्वतःचा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६५ लाखांवर ४ लाख ५५ हजार. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर एक टक्का सूट मिळते आणि ६५ हजार वाचतात. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३० हजारांवर जात नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे सव्वातीन लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही. एकूण ८ लाख १० हजार झाले. वर स्वतःचे १५ लाख. साठवलेल्या पैशांतून २३ लाखांहून जास्त रक्कम निघून गेली आणि अजून एक खिळासुद्धा ठोकलेला नाही.

हा खर्च एकदाचाच, मग महिन्याच्या हिशेबात तो कशाला, असं कुणी म्हणेल. कारण सरळ आहे. हे कुटुंब घरात पाऊल टाकतं ते रिकाम्या हाताने. पुढच्या दोन वर्षांत जे जे चुकतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा या रिकाम्या हातात असतं.

ताबा मिळेपर्यंतचा काळ आणखी अवघड. बिल्डरला पैसे स्लॅबप्रमाणे जात राहतात आणि जेवढे गेले त्यावरचं व्याज बँक दरमहा घेते. त्याला ‘प्री-ईएमआय’ म्हणतात. कर्जातले २५ लाख गेलेले असतील तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे १७,७०० रुपये फक्त व्याजाचे. यातून मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. शिवाय जुन्या घराचं भाडं चालूच. ताबा सहा महिने लांबला की एक लाखाहून जास्त रक्कम अशीच विरून जाते. पूर्ण हप्ता सुरू झाल्यावर किती जड जाईल, याचा अंदाज घ्यायला मात्र हा काळ उत्तम. प्री-ईएमआय आणि पूर्ण हप्ता यांतला फरक दरमहा वेगळ्या खात्यात टाकून पाहावा. जमला, तर पुढे धक्का बसत नाही आणि ताबा घेताना गंगाजळीही तयार असते. तीन महिन्यांत तारांबळ उडाली, तर निदान वेळेत कळलं.

ताबा मिळाला, पूर्ण हप्ता सुरू झाला. बँकेकडून परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या. मोबाइल ॲपवरही ते मिळतं, पण फार थोडे लोक ते उघडतात. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याच्या ४३,४०० रुपयांपैकी ३५,४०० व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम आठ हजार. वर्षभरात ५ लाख २० हजार भरून कर्ज कमी होतं साधारण एक लाखाने. वीस वर्षांत एकूण १ कोटी ४ लाख भरायचे असतात. त्यातलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त. हे वाचून घाबरायचं कारण नाही. वीस वर्षांचा पैसा असाच महाग असतो. पण पहिल्या काही वर्षांत जादा भरलेला रुपया सगळ्यात जास्त काम का करतो, हे त्या तक्त्यातल्या पहिल्या बारा ओळी पाहिल्या की वेगळं सांगावं लागत नाही.

हा हप्ता वीस वर्षं असाच राहील, असं मात्र धरून चालू नका. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या मापदंडाशी जोडावी लागतात. बहुतेकांनी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला. तो हलला की आपला दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. २०२१ च्या आसपास पावणेसात टक्क्यांच्या आतबाहेर कर्ज मिळत होतं. त्या वेळी ६.७ टक्क्यांनी ५० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता ३७,९०० रुपयांच्या घरात होता. दर ९.२ वर पोहोचला तेव्हा ४९ लाख शिल्लक धरली तरी नुसतं व्याजच ३७,५०० च्या वर गेलं. म्हणजे हप्ता पूर्ण जातोय आणि मुद्दल जागचं हलत नाही! बहुतेकांना हे कळलंच नाही, कारण बँकेने हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली होती. एसएमएस आला असेल, पण तो कोण वाचतो?

या प्रकारानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ग्राहकाला निवडू द्या, आणि व्याजसुद्धा वसूल होणार नाही इतकी मुदत ताणू नका. तेव्हा हा पर्याय आता आपल्या हाती आहे. त्याची किंमतही माहीत असावी. आपल्या ५० लाखांच्या कर्जाचा दर सुरुवातीलाच साडेआठचा नऊ झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर २४० हप्त्यांचे २६७ होतात. हप्ता वाढवून घेतला तर महिन्याला सुमारे १,६०० रुपये जास्त. सोळाशे रुपये आज काढायचे, की सव्वादोन वर्षं जादा हप्ते भरायचे? ज्याला शक्य आहे त्याने सोळाशे काढावेत. २०२५ मध्ये झालं तसे दर उतरले, की उलट करावं. हप्ता कमी करून घेण्याचा मोह टाळावा आणि मुदत घटू द्यावी. आणि दर उतरूनही आपला उतरला नसेल, किंवा बँक नव्या गिऱ्हाइकाला आपल्यापेक्षा कमी दर देत असेल, तर शाखेत जाऊन विचारावं. थोडी फी भरून दर बदलून मिळतो. न विचारणाऱ्याला कुणी आपणहून बोलावून कमी करून देत नाही.

आता मेंटेनन्स. नव्या घराच्या हिशेबात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

ताबा देताना बिल्डर बहुतेक वेळा एक किंवा दोन वर्षांचा मेंटेनन्स एकदम घेतो. ती रक्कम घराच्या मोठ्या आकड्यांत बुडून जाते, आणि मग चोवीस महिने मेंटेनन्स नावाची गोष्ट घरात कुणाला आठवत नाही. पुढे सोसायटीची नोंदणी होते, कारभार रहिवाशांच्या हाती येतो, पहिली सर्वसाधारण सभा भरते आणि कळतं की बिल्डरकडचे पैसे संपलेत. लिफ्टचं वार्षिक कंत्राट, सिक्युरिटी, सफाई, जनरेटरचं डिझेल, सांडपाणी प्रकल्प, सामाईक वीज यांचं मिळून दरमहा बिल सुरू होतं. उन्हाळ्यात टँकर लागत असतील तर ते वेगळे. पुण्याच्या पश्चिमेकडच्या आणि उपनगरांतल्या कितीतरी मोठ्या सोसायट्यांत टँकर हाच सगळ्यात जड खर्च असतो. घर पाहायला गेल्यावर ‘चोवीस तास पाणी’ असं सांगितलं तर हे पाणी कुठून येतं, हे विचारायला विसरू नये.

सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये आणखी दोन निधी आहेत, जे बिल्डरच्या काळात सहसा घेतलेच जात नाहीत. दुरुस्ती निधी दरसाल फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. फ्लॅटचा बांधकाम खर्च २५ लाख धरला, तर दोन्ही मिळून वर्षाला २५ हजार, महिन्याला २,०८० रुपये. सभेत यावर हमखास वादावादी होते. ‘नव्या इमारतीला दुरुस्ती कसली?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर असं की, लिफ्ट बदलायची किंवा बाहेरून रंग-गिलावा करायची वेळ बारा-पंधरा वर्षांनी येते. तोवर निधी नसला तर प्रत्येकाला एकदम मोठी रक्कम काढावी लागते. तेव्हा सभेत हात वर करताना निधीच्या बाजूने करावा, भले खिशाला बोचलं तरी.

वाटणीचा नियमही माहीत असलेला बरा. सोसायटीत सिक्युरिटी, सफाई, कार्यालय असा सेवाखर्च प्रत्येक फ्लॅटला सारखा येतो, घर लहान असो की मोठं. अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली इमारत असेल, तर खर्च अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने, म्हणजे बहुधा क्षेत्रफळाप्रमाणे वाटला जातो. पुण्यात दोन्ही प्रकार सर्रास आहेत. आपली इमारत कशात मोडते, हे सभेत भांडण्याआधी बघावं, नंतर नव्हे! मोठ्या टाउनशिपमध्ये आणखी एक गोष्ट. सदस्याची मासिक वर्गणी साडेसात हजारांवर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल, तर मेंटेनन्सवर १८ टक्के जीएसटी लागतो. क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव ब्रोशरमध्ये फुकट दिसतात. पाण्यात आपण वर्षातून चार वेळा उतरतो, बिल मात्र बारा महिने येतं.

गळतीचं एवढं लक्षात ठेवा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला, तर तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली की प्लंबर बोलावून वॉटरप्रूफिंगवर तीस-चाळीस हजार घालण्याआधी फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कुठे नोंदलं जात नाही.

मालमत्ता कराचं बिलही असंच उशिरा येतं. नव्या इमारतीची आकारणी व्हायला वेळ लागतो. ती होते तेव्हा मागल्या तारखेपासूनचं सगळं एकदम समोर येतं, आणि दोन वर्षांचा कर एका कागदावर पाहून माणूस हबकतो. पुणे महापालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप लागत नाही. त्यासाठी ‘पीटी-३’ हा अर्ज सोसायटीचं पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जोडून द्यावा लागतो. अर्ज दिला नाही, तर तुमचं घर भाड्याने दिलेलं आहे असं समजून बिल निघतं. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. गृहकर्जाच्या व्याजापेक्षा जवळपास तिप्पट. मुंबई महापालिकेच्या हद्दीत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना हा कर माफ आहे, तेवढी तिथल्या छोट्या घरांची सुटका. आपल्या हद्दीत कर किती बसेल हे त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या सोसायटीतल्या कुणालाही विचारलं तरी कळतं.

वीजबिल दर महिन्याला येतं, त्यामुळे त्याचं सगळ्यांना कळतं असं वाटतं. खरं तर खालच्या रकमेपलीकडे फारसं कुणी वाचत नाही. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क असतं. दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात. तीनशे एक युनिट झालं म्हणून पूर्ण बिल वरच्या दराने लागत नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. तरीही वरच्या टप्प्यातला युनिट बराच महाग पडतो, म्हणून दोन खोल्यांत एसी लावलेल्या घराचं मे महिन्याचं बिल जानेवारीच्या दुप्पट-तिप्पट येतं. आर्थिक वर्ष सुरू झालं की आणखी एक वेगळं बिल येतं: अतिरिक्त सुरक्षा ठेव. वर्षभरातल्या सरासरी बिलाच्या दुपटीइतकी ठेव महावितरणकडे असावी लागते. वापर वाढला की फरक मागतात. हे पैसे बुडत नाहीत, त्यावर व्याजही मिळतं, पण शाळेच्या फीच्या तोंडावर ते मागितले जातात हे खरं. नव्या घरात पहिल्या वर्षी वापर वाढतोच. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात हे बिल येणार, हे धरूनच चाला. पाइप गॅस, इंटरनेट वगैरेंचं फार काही सांगण्यासारखं नाही. भाड्याच्या घरातही ती बिलं होतीच.

आता बेरीज करू. हप्ता ४३,४००. निधी धरून मेंटेनन्स साडेचार हजार. मालमत्ता कर महिन्याकाठी हजार. विम्याचे दीड हजार. वीज वर्षाच्या सरासरीने दोन हजार, गॅस सहाशे, इंटरनेट-टीव्ही हजार, किरकोळ दुरुस्तीला हजार. झाले ५५ हजार. हप्त्याशिवायचे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमचे तुम्ही घाला. पण ३८ टक्क्यांचे ४८ टक्के कसे होतात, ते दिसलं. घराचा खरा हप्ता हा ५५ हजारांचा. उरलेल्या साठ हजारांत किराणा, शाळा, पेट्रोल, गावाकडे आई-वडिलांना पाठवायचे पैसे, दवाखाना आणि गणपतीची वर्गणी. ओढाताण आहे, पण भागतं.

भागत नाही ते ट्रॉल्यांमुळे. वास्तुशांत तोंडावर आलेली असते, पाहुणे येणार असतात, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये पीओपी, वॉर्डरोब, टीव्ही युनिट सगळं झकपक झालेलं असतं. साठवलेले पैसे मुद्रांक शुल्कात गेले. मग पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज. तेरा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी त्याचा हप्ता बसतो १६,८५०. आता खऱ्या हप्त्याचे झाले जवळपास ७२ हजार. पगाराचे ६२ टक्के घरात गेले आणि उरलेल्या ४३ हजारांत सगळा संसार. इथून पुढे क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ भरायची सवय लागते. तिथलं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात. गृहकर्जाने कुटुंब अडचणीत येण्यापेक्षा गृहकर्जासोबत घेतलेल्या या लहान कर्जांनी आलेलं मी जास्त पाहिलं आहे. सेफ्टी डोअर, ग्रिल, पंखे, गीझर, मच्छरजाळ्या आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या एवढं पुरे आहे पहिल्या वर्षी. कपडे जुन्या गोदरेजच्या कपाटात छान राहतात. आणि पैसे लागणारच असतील, तर गृहकर्जावरचं टॉप-अप वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. त्याची मुदत मात्र वीस वर्षं न ठेवता तीन-चार वर्षंच ठेवावी. सोफ्याचं कर्ज सोफ्यापेक्षा जास्त जगू नये.

विम्याचे दीड हजार धरले, ते का हे सांगितलं पाहिजे. कर्ज मंजूर होताना बँकेचा प्रतिनिधी एक पॉलिसी पुढे करतो: एकरकमी हप्त्याची, आणि ती रक्कम कर्जातच मिळवलेली. ‘सर, कंपल्सरी आहे’ असंही सांगतात. कर्ज देणाऱ्या बँकेकडूनच विमा घ्यायची कायद्याने सक्ती नाही. दीड लाखाचा एकरकमी विमा कर्जात मिळवला, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे ३ लाख १२ हजार भरावे लागतात. त्यापेक्षा दोघा कमावत्यांनी आपापल्या कर्जाच्या हिश्शाएवढा साधा टर्म विमा बाहेरून घ्यावा. तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो, आणि पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी कायम राहतो. घराचा विमा वेगळा. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. आग, पूर, भूकंप असे धोके तिच्यात येतात. विमा घराच्या बाजारभावाचा काढायचा नसतो, पुन्हा बांधायला जेवढं लागेल तेवढ्याचा काढायचा. ६५ लाखांच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च २५ लाख असेल, तर विमाही तेवढ्याचाच. म्हणून त्याचा हप्ता ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, इतका तो कमी असतो.

कर वाचतो म्हणून मोठं कर्ज घ्या, हा सल्ला आता जुना झाला. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि मुद्दलावर इतर बचतींसह दीड लाखापर्यंत. घर आणि कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांना वेगवेगळी. नव्या प्रणालीत, जी आता न निवडताही लागू होते, राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. दोन्ही प्रणालींत कर मोजून पाहावा, मग ठरवावं.

पगाराचं खातं आणि घराचं खातं वेगळं ठेवावं, एवढी एक शिस्त मात्र मी आग्रहाने सांगेन. पगार झाला की त्याच दिवशी घराचा खरा हप्ता, पूर्ण ५५ हजार, घराच्या खात्यात वळता करायचा. बँकेचा हप्ता, मेंटेनन्स, वीज तिथून जातील, आणि कराचे, विम्याचे, सुरक्षा ठेवीचे पैसे तिथेच साठत राहतील. हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी घ्यावी; पगार एखादे वेळी उशिरा होतो आणि हप्ता परत गेला की दंड तर लागतोच, शिवाय सिबिलच्या नोंदीवर डाग पडतो. तीन महिने, म्हणजे ९० दिवस हप्ता थकला की कर्ज ‘अनुत्पादक’ ठरतं. मग बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस काढू शकते. नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर गप्प बसू नये, त्याच महिन्यात शाखेत जावं. नोटीस निघण्याआधी बँक ऐकते, नंतर तिचं वकील खातं ऐकतं.

दोन पगारांवर घेतलेल्या कर्जाचा एक प्रश्न लोक टाळतात. बाळंतपण, आजारी सासू-सासरे, नोकरीतला खंड, यामुळे एक पगार वर्षभर थांबला तर? उत्तर आपल्या गंगाजळीत असतं. आपल्या उदाहरणात खऱ्या हप्त्याचे सहा महिने म्हणजे ३ लाख ३० हजार. ते एकदम कुणाकडेच नसतात. निदान तीन महिन्यांचे, १ लाख ६५ हजार, जमेपर्यंत कर्जात जादा रुपया भरू नये. कर्जात भरलेले पैसे गरज पडल्यावर सहजी परत मिळत नाहीत.

गंगाजळी झाली, महागडी कर्जं संपली, की मग दिवाळीचा बोनस मुद्दलात टाकावा. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला. वर्षाला फक्त एक हप्ता जास्त भरला, तर आपलं वीस वर्षांचं कर्ज साधारण १६ वर्षं ८ महिन्यांत संपतं. भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्यावं, आणि पुढच्या महिन्यात वेळापत्रक पुन्हा काढून खात्री करावी.

हे सगळं एका रविवारी होण्यासारखं आहे. नवं घर घेतलेलं असेल, तर आज एवढंच करा: बिल्डरच्या कार्यालयात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करून विचारा, आगाऊ भरलेला मेंटेनन्स कोणत्या महिन्यात संपतो आणि त्यानंतर दरमहा किती येणार. तो आकडा कळला की त्याच महिन्यापासून बाजूला काढायला लागा, बिल यायची वाट पाहू नका.